मामाकडे गावी होता

दुर्गाबाई दारात सुकट निवडत बसल्या होत्या, तेव्हा साध्या कपड्यांतला हवालदार जिना चढून आला. त्यांच्या सौरभला एका सरकारी संशोधन केंद्रात तंत्रज्ञाची नोकरी लागली होती. आत कडक बंदोबस्त, म्हणून रुजू होण्याआधी पोलिसांची चारित्र्य पडताळणी. नवरा, सिताराम, एपीएमसी मार्केटात कामावर गेलेला.

कॉलेजात असताना सौरभ गर्द ओढायचा. घरची भांडी विकण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा त्याला पनवेलजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. पोरगा जिद्दीनं सुटला, नंतर विडीलाही शिवला नाही. सोसायटीत मात्र सांगितलं, मामाकडे गावी गेलाय. आपल्याकडे ही रीतच पडलीय बघा. पोराला टायफॉइड झाला तर शेजारी पेज आणून देतात. व्यसन लागलं की घरचेच कडी घालून बसतात.

"मावशी, मुलाला काही नाद? आधी कधी होता?" चहा पिता पिता हवालदारानं विचारलं.

"सुपारीचं खांडबी तोंडात घातलं नाय कदी."

"मध्ये कॉलेज सुटलेलं दिसतं."

"मामाकडं गावी होता. लावनीला मानूस नव्हता त्याच्याकडं."

हवालदारानं शेजारच्या मालतीबाईंना विचारलं. "हो, गावीच होता," त्या म्हणाल्या. "आमचा मुलगा दत्तू गेलाय ना हल्ली, तसाच."

संध्याकाळी दुर्गाबाईंनी हे कौतुकानं सांगितलं, आणि सौरभचा घास हातातच राहिला.

"आई, मी मुलाखतीत सगळं सांगितलंय. गर्द, केंद्र, सगळं."

"असं कोन सांगतं रे?"

"मी सांगितलं. बाबा, उद्या चौकीवर जाऊन खरं काय ते सांगा ना. नोकरी जाईल माझी."

"आणि सोसायटीभर बोभाटा करू?" सिताराम म्हणाला. "आपल्याला लोकांत राहायचंय."

सौरभनं आईकडे पाहिलं. दुर्गाबाई ताटात वाढत राहिल्या. तेवढं एकदा बोलायला हवं होतं त्यांनी.

पुढच्या महिन्यात सौरभला नोकरीच्या ठिकाणाहून बोलावणं आलं. परत आला तो चपला न काढताच पलंगावर बसला.

"साहेब म्हणाले, जुनं व्यसन आम्ही समजून घेतलं असतं. पण तू एक सांगतोस, घरचे दुसरं. जे घर एवढं लपवतं, त्या घरातल्या माणसाला कुणीही धमकावून आतली गुपितं काढून घेईल." मग हळूच म्हणाला, "नोकरी गेली, आई."

पावसाळा सरायच्या आत त्याच्या उशीखाली सिगारेटच्या पाकिटातली जळकी चांदी सापडली, गर्द ओढायची. या खेपेला व्यसनमुक्ती केंद्राचं नाव कुणी काढलंच नाही. पुन्हा गावी गेला म्हणून किती वेळा सांगायचं? तुर्भ्याच्या पुलाखाली तो सापडला, तेव्हा अंग गार पडलेलं होतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये सौरभचं पुण्यानुमोदन झालं, सगळे श्रद्धांजलीला जमले. बुद्धवंदना संपल्यावर कुणीतरी हळूच विचारलं, काय झालं होतं हो?

"कावीळ," सिताराम म्हणाला. "गावी गेला होता, तिथंच..."

दुर्गाबाई उठून उभ्या राहिल्या.

"गावी नव्हता. तवाबी नव्हता, आताबी नाय. माजा पोरगा गर्दानं गेला. एकदा सोताच्या हिमतीनं सुटला होता, त्याची आमाला लाज वाटली. त्यानं खरं सांगितलं, तर आमी त्याला खोटा पाडला."

सितारामनं मान खाली घातली. लोक एकेक करून उठले, कुणी त्यांच्याकडे बघेना. पायऱ्यांवर मालतीबाई तेवढ्या थांबल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"दुर्गाबाई, आमचा दत्तू गावी नाही. आतल्या खोलीत आहे. बाहेरून कडी लावलीय आम्ही."

दुर्गाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांचा हात धरला.

"चला, आदी कडी काढू."