एका गाठीची जुडी

माझी थोरली रांगायला लागली, त्या वर्षीची ही गोष्ट.

झाडांच्या साली सोलून, वाळवून विकायचा आमचा धंदा. वाचता कुणालाच येत नव्हतं, म्हणून मामंजी जुड्यांच्या दोऱ्यांना गाठी मारत. कुड्याला एक, काजऱ्याला दोन. कुड्याची साल जुलाबावरची, काजऱ्याची विषारी. ती एक वैद्य तेवढा न्यायचा. काय करायचा ते त्यालाच ठाऊक. वाळल्यावर दोन्ही सारख्याच दिसत आणि दोन्ही कडूजहर, त्यामुळे चाखूनही कळायचं नाही.

सासूबाईंना तीन दिवस जुलाब होत होते. मामंजी बाजारात गेलेले. मी फळीवरून एका गाठीची जुडी काढली, साल कुटली, पाणी पाव उरेपर्यंत उकळलं.

"आधी तू घोटभर घे," सासूबाई म्हणाल्या. "मी एकटीनेच का तोंड वाकडं करायचं?"

मी घोट घेतला. त्यांनी नाक दाबून वाटी रिकामी केली. "तुझ्या आमटीपेक्षा बरं आहे."

अर्ध्या तासात त्यांची मान ताठली, मग जबडा. शेजारच्या पत्रेवाल्याचा हातोडा पडला आणि त्यांचं अंग कमानीसारखं उचललं गेलं. शुद्ध मात्र पुरती होती.

तेवढ्यात मामंजी आले. "कुठली जुडी घेतलीस?"

"एका गाठीची. खिडकीकडची."

त्यांनी फळीवर हात फिरवून पाहिला. "ती काजऱ्याची गं. दोरी आखूड पडली. म्हटलं, दुसरी गाठ उद्या मारू." मग माझ्याकडे वळले. "आवाज करू नकोस. आवाजाने झटका येतो." हातोडा थांबवून ते डॉक्टरकडे धावले.

पोरगी भुकेने चुळबुळायला लागली. पाजावं, तर माझ्या पोटात तोच काढा. न पाजावं, तर ती रडणार. मी सारखी जबडा हलवून बघत होते. तो जड वाटत होता. विषाने की भीतीने, कळत नव्हतं. पोरीच्या तोंडात बोट दिलं. तिने ते जिभेने बाहेर ढकललं आणि भोकाड पसरलं. सासूबाई पुन्हा ताठ झाल्या.

अंग सैल पडल्यावर दातांमधून म्हणाल्या, "बाहेर ने तिला."

"तुम्हाला एकटीला टाकून?"

"ने म्हणते ना. आणि पाजू नकोस."

मी पोरीला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथे पत्रेवाल्याच्या बायकोने तिला वाटीने दूध पाजलं. माझे पाय काही ताठले नाहीत.

सासूबाई त्याच दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, डॉक्टर पोचण्याआधी वारल्या.