सफारीचं माप

माझ्याइतका हुशार माणूस सुरतेतल्या अख्ख्या नवागाममध्ये नाही, हे माझं मीच ठरवलं होतं. त्यामुळे ते खोडून काढायला कुणी आलं नाही. मी योगराज, भेस्तानच्या कारखान्यात पॉवरलूम दुरुस्त करणारा मास्तर. मोबाइलवर परदेशातली माणसं घरामागं स्पोर्ट्स कार बांधताना बघितली आणि म्हटलं, त्यांना काय चार हात आहेत?

तशी ही गाडी म्हणजे एक इंची पाइपांचा पिंजरा. पाइप त्रिकोणात जोडत जायचे, मागं मोटारसायकलचं जुनं इंजिन बसवायचं आणि वरून फायबरचा पत्रा. शेजारचे सुकदेवनाना वेल्डिंग करणार आणि मी अक्कल पुरवणार, अशी वाटणी झाली. जो भेटेल त्याला मी ऐकवायचो, "यामा एक बी पाइप फालतू नही. एक कापा, का सगळी चौकट ढिली." गल्लीतल्या म्हाताऱ्यांनासुद्धा हे पाठ झालं.

पहिला प्रश्न मापाचा आला. असल्या गाडीत चालवणारा अगदी घट्ट बसावा लागतो. माझी बायको जयश्री ब्लाउज शिवते, टेप सदा तिच्या गळ्यात. ती म्हणाली, "माप आंगवर लेवानं ऱ्हास. जरासं उभं ऱ्हा."

बायकोनं भर गल्लीत माझी कंबर मोजायची? मी पेटीतून लग्नातली सफारी काढली, ओट्यावर पसरली आणि तिच्यावरून माप घेतलं.

"मंग दोन बोट माया तरी सोडा," ती म्हणाली.

"हाऊ ब्लाउज नही शे," मी म्हणालो.

नकाशात एकच सीट बघून तिनं विचारलं, "मन्ही जागा कोठे शे?" मी म्हणालो, "वजन वाढस." कुणाचं, ते पुढं कळणारच होतं.

तीन वर्षं गेली. दर सुट्टीला सकाळी नाश्त्याला गरम लोचो आणायचा, मग काम. नाना काम करायचे आणि मी त्यांना एकटं वाटू नये म्हणून खायचो. आत बसून बघ, असं नाना दोनदा म्हणाले. पण पूजा झाल्याशिवाय मालकानं गाडीत बसायचं नाही, असा माझा नेम होता. क्लच-ब्रेक जुळवताना मी गाडीखाली झोपायचो आणि जयश्री आत बसून पेडल दाबायची. मैदानात गिअर तपासतानाही तीच गाडी पुढं न्यायची. ती बसली तर चालत होतं. ती काय मालक नव्हती.

दसऱ्याचा मुहूर्त धरला. कारखान्यातली चाळीस माणसं बोलावली होती. आज आपण ही गाडी चालवली नाही, तर उद्या लूमपुढं कुठल्या तोंडानं उभं राहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सकाळी सफारी घालायला गेलो, ती चढली नाही. तेव्हाही मला शंका आली नाही.

हार झाला, चाकांखाली लिंबं ठेवली, जयश्रीनं ओवाळलं. मी एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, कमरेपर्यंत उतरलो आणि अडकलो. नानांनी खांदे दाबले. दोघांनी वरून जोर लावला. कारखान्यातला एक जण म्हणाला, "मास्तर, हाऊ आडवा पाइप कापी टाकूत."

ओट्यावरचे तीन म्हातारे एका सुरात म्हणाले, "एक कापा, का सगळी चौकट ढिली."

काखेत हात घालून मला बाहेर ओढलं. चाळीस माणसं हसली. खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं.

मुहूर्त टळत होता. जयश्रीनं ओवाळणीचं ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि आत उतरली. लिंबं चिरडली. गाडी गल्लीतून मैदानात गेली आणि तिनं दोन फेऱ्या मारल्या. इंजिन एका लयीत वाजत होतं, एक सांधा कुरकुरला नाही. गाडी खरंच चांगली झाली होती. मला जितका आनंद झाला, तितकाच हेवा वाटला.

ती परत आली, उतरली. केस विस्कटले होते, डोळे चमकत होते. "सरळ चालस," एवढंच म्हणाली. मग गळ्यातली टेप काढली. "हात वर करा."

"आठे? भर गल्लीमा?"

"हा, आठेच."

मी हात वर केले. सगळी गल्ली बघत होती. सवयीनं मी पोट आत ओढलं.

"पोट मझार वढू नका," ती हळूच म्हणाली.

मी पोट सोडलं. "चव्वेचाळीस," तिनं मोठ्यानं सांगितलं आणि नानांनी खडूनं ओट्यावर आकडा लिहिला. कुणीतरी हसलं. मी तिच्या हातातून टेप घेतली आणि म्हणालो, "आते दोन सीटा करूत. तू उभी ऱ्हाय."