पाहुण्याचं काय करायचं?

त्याला पाहुणा हे नाव गोलरक्षकानेच ठेवलं होतं. बचावफळीतला हा उंच, हडकुळा पोरगा मनात आलं तर सामन्याला यायचा, नाहीतर अंगात जर्सी घालून मैदानावर नुसताच उभा असायचा. ज्या दिवशी तो खरोखर आलेला असे, त्या दिवशी समोरचे आघाडीवीर हातपाय गाळून बसत. चेंडू कुठे जाणार हे तो मारणाऱ्याच्या आधी ह्याला कळायचं. धावायचाही नाही फारसा. दोन ढांगा टाकून आधीच तिथे जाऊन थांबायचा, आणि चेंडू पाळलेल्या मांजरासारखा त्याच्या पायाशी येऊन बसायचा. ज्या दिवशी पाहुणा आलेला नसे, त्या दिवशी मात्र गोलरक्षकाचं काम जाळ्यातून चेंडू काढून देणं एवढंच उरायचं.

गेल्या रविवारी तर कहर झाला. शेंबड्या पोरानेही अडवला असता असा एक चेंडू त्याच्या शेजारून गेला, आणि हा भलतीकडेच बघत होता. गोल झाला, सामना हातचा गेला. गोलरक्षकाचे सासरे, निवृत्त बसचालक, घरच्या मैदानावरचा एकही सामना न चुकवणारे, प्रेक्षकांतून असे गरजले की पंचांनीही मान वळवली. "अरे, ह्याला कुणीतरी घरी नेऊन सोडा!"

सोमवारी प्रशिक्षकांनी गोलरक्षकाला बोलावून घेतलं. त्यांची खोली प्रेक्षागाराच्या पायऱ्यांखाली होती. छत तिरकं, त्यामुळे उंच माणसाला खुर्ची गाठेपर्यंत वाकूनच चालावं लागे. डोक्यावरून पाण्याचे पाइप गेलेले, कोपऱ्यात चेंडूंची जाळी, आणि सगळीकडे ओल्या मोज्यांचा वास. प्रशिक्षकांनी दुखरा गुडघा स्टुलावर टाकला आणि सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"नदीपलीकडचा क्लब पाहुण्याला मागतोय. बदल्यात त्यांचा खांब देतायत."

गोलरक्षक चमकला. खांब म्हणजे खांबच. कधी हलायचा नाही, कधी पडायचा नाही. त्याच्याविरुद्ध खेळून परत आल्यावर तो कसा खेळला हे कुणाला आठवत नसे, आणि बचावपटूला याहून मोठी पावती नसते.

"समितीला शुक्रवारी सांगायचंय," प्रशिक्षक म्हणाले. "त्याच्या पाठीमागे तू उभा असतोस. त्याच्या चुका तुझ्याच अंगावर येतात. तू काय म्हणतोस?"

"देऊन टाका," गोलरक्षक बसक्या आवाजात म्हणाला. हिवाळ्यात त्याच्या घशातली एक छोटी गाठ काढली होती, तेव्हापासून आवाज असाच झाला होता.

"बुधवारचा सामना होऊ दे. मग शांत डोक्याने सांग. तू सांगशील ते मी समितीपुढे मांडेन."

घरी त्याची बायको वाळलेले कपडे दोरीवरून काढत होती. ती रुग्णालयात एक्स-रे काढायची, त्यामुळे माणसाच्या आत काय चाललंय हे बघायची तिला सवयच लागली होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने हातातल्या चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली.

"हे तुझं मत आहे, की राग?"

"एकच आहे ते."

"कसं एक असेल? राग उतरतो, मत राहतं. असं का होतं म्हणून त्याला विचारलंस कधी?"

चादरीची घडी घालता घालता गोलरक्षक आठवायला लागला. प्रशिक्षकांनी पोराला दटावलं होतं, समितीने समज दिली होती, सासऱ्यांनी तर भर मैदानात उद्धार केला होता. विचारलं मात्र कुणीच नव्हतं. त्याने स्वतःसुद्धा नाही.

मंगळवारी सराव संपल्यावर पाहुणा मागच्या पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होता. गोलरक्षक शेजारी जाऊन बसला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"तुझ्या बदलीचं कानावर आलंय ना?"

"आलंय, दादा. पायाला न बसणारे बूट दुकानात परत करतात, तसं मला परत करणार म्हणे."

"रविवारी बघत कुठे होतास?"

पाहुण्याने बूट खाली ठेवला. "डावीकडचा त्यांचा माणूस आत शिरणार होता. मागून अजून एक येत होता, त्याच्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं. उजवीकडे आपला पोरगा घसरला होता. आणि तुम्ही एक पाऊल पुढे आला होतात."

"आणि चेंडू?"

"चेंडूही दिसत होता."

गोलरक्षकाला हसावं की एक ठेवून द्यावी, कळेना. त्याने मनातल्या मनात तो क्षण पुन्हा उभा केला. डावीकडचा खरंच आत शिरला होता. मागचा माणूस खरंच मोकळा होता. गोल झाल्यावर सगळे चेंडूकडे बघत राहिले, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि तो स्वतः? हो, तोही एक पाऊल पुढे आला होता.

"मला सगळं एकदमच दिसतं, दादा," पाहुणा म्हणाला. "आधी काय धरायचं तेच ठरत नाही. बहीण म्हणते, ह्याला मीठ आणायला पाठवलं तर अख्खा बाजार बघून येतो आणि मीठ विसरतो."

"गेल्या वर्षी असं नव्हतं होत."

"गेल्या वर्षी तुम्ही ओरडायचात."

गोलरक्षकाचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"तुम्ही 'धर' म्हणालात की धरायचं, 'सोड' म्हणालात की सोडायचं. डोळे माझे आणि डोकं तुमचं, असं चाललं होतं. मग तुमचा घसा गेला. आता ऑपरेशन झालेल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू, की जरा ओरडा म्हणून?"

ही तक्रार नव्हती. पोरगा सगळा दोष स्वतःच्याच पदरात घेऊन बसला होता. एवढं सगळं ज्याला दिसतं त्याला सांभाळून कसं घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे हे गोलरक्षकाला त्या पायरीवर बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं. आपण त्याला आळशी समजत होतो, आणि हा बिचारा सगळ्यांपेक्षा जास्त काम करत होता.

"हे बघ," तो म्हणाला, "डॉक्टरने माझी बडबड बंद केलीय, तोंड नाही. गेल्या वर्षीच्या आरडाओरड्यात कामाचे शब्द मूठभरच होते. बाकी सगळ्या शिव्या."

"शिव्यांचाही उपयोग व्हायचा, दादा," पाहुणा गंभीरपणे म्हणाला.

दोघं पुन्हा मैदानात उतरले. 'धर', 'सोड', 'माझा', 'पुढे', असे छोटे छोटे शब्द ठरवले आणि माळी गवत कापायचं यंत्र घेऊन येईपर्यंत घोकून घेतले.

बुधवारी समोर गुणतक्त्यात सगळ्यात वर असलेला संघ होता. पहिल्याच हल्ल्यात त्यांचा वेगवान आघाडीवीर एकटा सुटला. "धर!" गोलरक्षक बसक्या आवाजात ओरडला. पाहुण्याने आघाडीवीराच्या पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या वाटेत तो आधीच एक खांदा ठेवून उभा होता, आणि चेंडू कधी काढून घेतला हे त्या आघाडीवीराला चार पावलं पुढे गेल्यावर समजलं. प्रेक्षक हसले, मग टाळ्या पडल्या. थोड्या वेळाने कॉर्नरवर तो सगळ्यांच्या डोक्यावर असा उठला, की जणू त्याला कुणी वरून अलगद उचलून घेतलं होतं. त्याने चेंडू डोक्याने नुसता टोलवला नाही, तर आपल्या माणसाच्या पायात नेऊन दिला. तिथूनच आपला गोल झाला.

दुसऱ्या अर्ध्यात व्हायचं ते झालं. गर्दीतून एक चेंडू घरंगळत आला. कुणी घ्यावा याबद्दल गोलरक्षकाचंच क्षणभर ठरेना, त्यामुळे तोंडातून शब्द निघाला नाही. पाहुणा थबकला. चेंडू दोघांच्या मधून गेला आणि जाळ्यात विसावला. बरोबरी.

एरवी अशा वेळी पोराची मान खाली जायची आणि उरलेला सामना तो मान खालीच घालून काढायचा. आज त्याने वळून मागे पाहिलं. "आता?"

"पुढे," गोलरक्षक म्हणाला.

सामना संपत आला असताना त्यांचे दोघं जण चेंडू घेऊन आले आणि वाटेत पाहुणा एकटाच उरला. 'धर' म्हणायला गोलरक्षकाने तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. पाहुणा चेंडूवाल्याकडे गेलाच नाही. त्याने दुसऱ्याची वाट अडवली, तीही अर्धीच. चेंडू द्यावा की न द्यावा या पेचात पहिल्याने एक जास्तीचं पाऊल टाकलं. नेमक्या त्याच पावलाची हा वाट बघत होता. लांब पाय बाहेर आला, चेंडू अलगद निघाला, आणि दोन्ही आघाडीवीर मैदानाच्या मधोमध एकमेकांकडे बघत राहिले. आपण खेळायला उभे आहोत, बघायला नाही, हे गोलरक्षक तेवढ्यापुरतं विसरून गेला होता.

सामना बरोबरीत सुटला. तिरक्या छताखाली प्रशिक्षक वाटच बघत होते.

"बोल."

"ठेवा त्याला."

"आज पण एक गोल खाल्लाय."

"खाल्लाय, आणि त्यात माझाही वाटा आहे. पुढेही चुकेल. खांब असता तर तो गोल झाला नसता, खरं आहे. पण शेवटच्या त्या दोघांना खांबाने काय केलं असतं? तो जागेवर उभा राहिला असता आणि ते त्याला वळसा घालून गेले असते."

"समिती विचारेल, ह्याचा भरवसा काय?"

"भरवशाला मागे मी आहे की. ह्याच्याइतकं सगळं ज्याला दिसतं असा माणूस मी इतक्या वर्षांत दुसरा पाहिला नाही, सर. असा माणूस आपल्या हाताने नदीपलीकडे पाठवायचा, आणि मग आपल्या आघाडीवीरांनी त्याच्यासमोर हातपाय गाळून बसायचं?"

प्रशिक्षक खो खो हसले. "हे शेवटचं समितीला पटेल."

शुक्रवारी समितीने बराच वेळ काथ्याकूट केला, दोघा सदस्यांनी नाकं मुरडली, पण होकार मिळाला. शनिवारी सकाळी गोलरक्षकाने पाहुण्याला सांगितलं. तो बुटांचे बंद बांधत होता.

"राहिलास इथेच."

त्याने मान हलवली. बंद बांधून झाले तरी तो उठला नाही.

"दादा, एक सांगू? खांबाला पण घ्यायला हवं होतं. मला न देता. तो मागे असता तर मी पुढे जाऊ शकलो असतो. आपल्या मधल्या फळीत डावीकडे एक मोकळी जागा पडते, रोज पडते. कुणाला दिसत नाही का?"

गोलरक्षकाला ती जागा दिसली नव्हती. प्रशिक्षकांनाही नाही. त्या आठवड्यात दोघांनी मिळून सरावात नीट पाहिलं, आणि ती जागा तिथेच होती, पोरगा म्हणाला तशीच, सताड उघडी. खांब काही मिळाला नाही. तो नदीपलीकडेच राहिला आणि उत्तम खेळला. पण पुढच्या सामन्यांत प्रशिक्षकांनी पाहुण्याला पुढे जायची मोकळीक दिली आणि त्याच्या मागे एका शांत पोराला उभं केलं. हंगाम संपला तेव्हा संघ गुणतक्त्यात दुसरा होता. पाहुणा अधूनमधून गैरहजर राहिलाच. एका सामन्यात तर त्याने आपल्याच गोलात चेंडू घातला. त्या दिवशी संघातल्या कुणीही त्याला एका शब्दाने बोललं नाही. विश्रांतीत सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि दुसऱ्या अर्ध्यात समोरचे काय करणार आहेत, हे त्यालाच विचारू लागले.