गुणाचं बाळ

खणकन आवाज झाला. ओट्यावरून डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. दुपारच्या सामसुमीत मी दचकले, चिऊच्या हातातला खडू निसटला, सासूबाईंची डुलकी मोडली. चार महिन्यांचा गोटू मात्र सतरंजीवर स्वतःची मूठ न्याहाळत होता.

"बघ, कसा गुणाचा आहे!" सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर ही तुझी चिऊ. टाचणी पडली तरी घर डोक्यावर घ्यायची."

मी हसले. पण झाकण उचलताना नजर गोटूवरच होती.

इस्पितळात मी कान तपासते. डॉक्टर नव्हे, नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या कानात इवलीशी नळी घालून यंत्राकडे बघत बसणारी बाई. गोटूची तपासणी माझ्याच मैत्रिणीने केली. दोन्ही कानांना 'पुन्हा तपासा' आलं. "अगं, पहिल्या दिवशी कानात पाणी असतंच," मीच तिला समजावलं. महिन्याने आण, म्हणाली. मग माझी रजा, मग त्याची सर्दी, मग असंच. दुसऱ्या कुठल्या आईने एवढी टाळाटाळ केली असती, तर फोन करकरून मी तिचा जीव खाल्ला असता.

गोटूच्या मागे बसून मी झाकणावर चमचा आपटला. मान वळली नाही. पुन्हा आपटला. मग पुढे येऊन आपटला, तर तो खुदकन हसला! जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच. समोरून वाजवू नका, तो तुमचा हात बघून हसतो, हे मी आयांना रोज बजावते.

"अगं, काय मांडलंयस हे? डोकं उठलं माझं."

"आई, उद्या याला माझ्याबरोबर नेते."

"कशाला? चांगला ठणठणीत तर आहे पोर."

मी पिशवीत दुपटी भरली, काढली, परत भरली. उद्याला अजून किती तास होते!

मागे वळले तर चिऊ गोटूच्या पाठीशी उकिडवी बसलेली, तोंडाभोवती दोन्ही तळवे धरून. "गोटू! ए गोट्या! इकडे बघ!"

तो मुठीतच दंग.

चिऊने हात खाली घेतले. "आई, तू सगळ्या बाळांचे कान बघतेस ना?"

"हो गं."

"मग आपल्या गोटूचे का नाही बघितलेस?"