पाट्टी

हरिप्रियानं हेडफोन काढून गादीवर आपटले. "आजी, हा गेम लबाड आहे! नेम बरोबर डोक्यावर, तरी गोळ्या लागत नाहीत. आणि हरून हरून उठायला लागले, की एकदम मलाच मोठी निशाणबाज करतो."

"नाचता येईना, अंगण वाकडं," सईबाई हसल्या.

"हसू नकोस! उद्या कॉलेजच्या टीमची निवड आहे आणि मला माझाच हात कळत नाही." सईबाईंनी हसू आवरलं.

शेजारच्या खोलीत त्यांच्या लेकीचं, म्हणजे हरिप्रियाच्या आईचं, श्रीरंजनीचं ऑफिस चालायचं. ती गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. कुठले गेम, ते घरात कधी सांगत नसे. सईबाई कॉफी गाळत होत्या, तोच आतून तिचा तमिळ आवाज आला, "इथं पाट्टी यायलाच हवी!"

घरात आजी असल्या, तरी चेन्नईतल्या साऱ्या वेस्ट मांबलमला त्या पाट्टीच, आजीला तमिळमध्ये म्हणतात तशा. कुणाशी ओळख करून द्यायची असेल म्हणून पदर सारखा करून, कॉफीचा पेला आणि त्याखालचा वाटीसारखा डबरा घेऊन त्या आत गेल्या.

"आले गे. कोण विचारतंय?"

स्क्रीनवरचे चेहरे खो खो हसले. "मॅडम, खरीच पाट्टी आली!"

श्रीरंजनीनं घाईनं आवाज बंद केला. "तुला नाही गे आई. पाट्टी म्हणजे गेममधली आमची युक्ती. कुणी हरून उठायला लागला, की समोर कच्चे गडी द्यायचे, वाकडी गोळीही लागू द्यायची. फार जिंकला, की हे काढून घ्यायचं, नेमाची गोळीही चुकवायची. नाव मीच ठेवलं. तू पल्लांकुळीत माझ्याशी मुद्दाम हरायचीस ना, त्यावरून."

कॉफी डबऱ्यात सांडली. तंजावरचं घर, तापानं फणफणलेली ही पोर, लाकडी पटाच्या खळग्यांतले चिंचोके. डाव जिंकली, की एक घास खायची.

"म्हणजे काल मी जिंकले, ते?" दारात हरिप्रिया उभी होती.

श्रीरंजनीचा चेहरा उतरला. "तू... आमचाच गेम खेळतेस?"

"सांग ना! मी जिंकले, की तुझी पाट्टी?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, राणी."

सईबाईंनी पेला-डबरा टेबलावर ठेवला. "अगे, मी हरत होते ते तू चार घास खाऊन उठावंस म्हणून. आणि तू माझ्या नावानं लेकरांना उठूच देत नाहीस?"

हरिप्रियानं कपाटावरून पल्लांकुळीचा पट काढला, फुंकर मारून धूळ उडवली.

"आजी, खेळ. पण मुद्दाम हरलीस तर बघ!"

सईबाईंनी पदर खोचला आणि पहिल्याच डावात नातीचे सगळे खळगे धुऊन नेले.

हरिप्रिया रिकाम्या खळग्यांकडे बघत राहिली. "ही हार तरी माझी," ती म्हणाली. "मांड पुन्हा."