उजवा कौल

गवत कापताना झुंबरबाई येशूशी बोलायची. बोलायची कसली, तोंडच वाजवायची. "काल म्हशीनं लाथ मारून बादली सांडली, तवा तुझं ध्यान कुठं हुतं?" असं ती बांधावरनं आभाळाकडं बघून विचारायची. शेजारच्या वावरातली धोंडुबाई तोंडाला पदर लावून हसायची.

"झुंबरे, देवाला आसं बोलत्यात व्हय गं? त्यो काय तुझा दीर हाय?"

"दीर न्हाय, बा हाय माझा. बाला न्हाय बोलायचं तर कुणाला?"

नऊ वर्षं ती गारगोटीला रविवारच्या प्रार्थनेला जात होती. तिथला पास्टर संगमेश गडहिंग्लजकडचा तरणा माणूस. त्याची प्रार्थना अशी शुद्ध, की निम्मी झुंबरबाईच्या डोक्यावरनं जायची. पण 'प्रभू तुमच्या शेजारी बसून ऐकतो' हे त्याचं एक वाक्य तिनं पक्कं धरलं होतं. तेवढ्यावर तिचं भागत होतं.

नवरा आण्णा मात्र तिकडं कधी फिरकला नाही. "मुका देव तुझा," म्हणायचा. "आमचा गावदेव बघ, विचारलं की कौल देतोय." इथं झुंबरबाईची बोलती बंद व्हायची, कारण ती स्वतःच गुरवाची लेक. माहेरी तिचा बाप देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली की होय, डावी पडली की नाही. लग्नं, विहिरी, वाटण्या, सगळं त्या पाकळ्यांवर चालायचं.

श्रावणात आण्णाच्या पायात खिळा घुसला. साखरेचा आजार असलेला माणूस, दवाखान्यात जावं की नको? "भरंल आपुआप" म्हणत हळद दाबली आणि चिखलात हिंडला. पंधरा दिवसांत पाऊल काळंठिक्कर पडलं. कोल्हापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, गुडघ्याखालनं पाय काढावा लागेल, दोन दिवसांत सही करा, नाहीतर माणूस हाताला लागायचा नाही. आण्णानं कागद भिरकावला आणि घर गाठलं. पुण्याचा लेक फोनवर रडला, ओरडला. आण्णा ढिम्म.

"दोन पायांवर हिंडलोय, दोन पायांवरच जानार," तो म्हणाला.

"तुमी जाशीला वो! मागं मी काय करू? भिताडाशी बोलू?" झुंबरबाई कडाडली.

 आण्णाचं अंग तापानं फणफणलं होतं. तो हळूच म्हणाला, "सकाळी गुरवाकडनं गावदेवाला कौल लावला. डावा दिला. आता तुझ्या येशूला लाव. त्यानं उजवा दिला तर करतो सही. डावा दिला तर पायाचं नाव काढायचं न्हाय." आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. आयुष्यभर पैलवानी मिरवलेला गडी, पण भ्याला होता हो.

माजघरात भिंतीला लाकडी क्रूस होता. झुंबरबाईनं झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुचकळल्या आणि क्रूसाच्या दोन्ही हातांवर एकेक चिकटवली. हात जोडून उभी राहिली. तास झाला. दोन झाले. पाकळ्या काही हलेनात.

"आरं, हाल की! येवढ्या सालांत कवा कौल मागितला का तुला? आज मागत्या. एऽ हाल की बाबा!"

दुपार कलली. पाकळ्या जागच्या जागी वाळून गेल्या. तिनं पास्टरला फोन लावला.

"पास्टर, प्रभू कौल देईना वो."

"काकू, हे काय केलंत? प्रभूची अशी परीक्षा पाहू नये. प्रार्थना करा, तो तुम्हाला शांती देईल."

"शांती नगं मला. सही पायजे."

फोन ठेवला. बाहेर आण्णा कण्हत होता. झुंबरबाईनं क्रूसाकडं एकवार बघितलं, मग नखानं उजवी पाकळी खरवडून काढली आणि तळहातावर घेऊन सोप्यात आली.

"उजवा दिला."

"खरं?"

"खरं."

"शपथ?"

तिनं पाकळी त्याच्या पुढ्यात धरली. "येशूशपथ."

आण्णानं सही केली. पाय गेला, माणूस राहिला. महिन्यानं कुबड्या घेऊन घरी आला तो दुसराच आण्णा. येईल त्या पावण्याला पायाची कथा. "आमच्या देवानं मराय सोडलं, हिच्या येशूनं उजवा दिला!" धोंडुबाई तर लेकीच्या सोयरिकीसाठी पाकळ्या घेऊनच दारात आली. झुंबरबाईनं तिला अंगावर धावून हाकललं.

आणि गवत कापताना झुंबरबाईच्या तोंडातनं आता शब्द निघेना. इळा चालायचा, तोंड मिटलेलं. कुठल्या तोंडानं बोलणार? ज्याला बा म्हणायचं त्याच्याच नावानं खोटी शपथ घेतलेली.

एके दिवशी घरी बघायला आलेल्या पास्टरला आण्णा म्हणाला, "येत्या रविवारी मी येतोय. समद्यांफुडं सांगतो, देवानं कौल दिला म्हणून."

पास्टरनं झुंबरबाईकडं बघितलं. जाताना अंगणात थांबून हळू म्हणाला, "काकू, मी काही बोलणार नाही. पण तुम्ही सांगा त्यांना."

रविवारी सकाळी आण्णा पांढरा सदरा घालून बसला. झुंबरबाई समोर खाली बसली.

"अवं, कौल खोटा हुता. पाकळी पडलीच न्हाई. मी नखानं काढली."

 दुमडून टाचलेल्या विजारीवर आण्णाचा हात गेला.

"म्हंजी पाय देवानं न्हाय नेला. तू नेलास."

"व्हय."

"शपथ घेतलीस."

"व्हय."

त्यानं सदऱ्याची बटणं एकेक करून काढली, सदरा काढून बाजूला टाकला. "जा हितनं. मला हाक मारू नगंस. कवाच."

ती गोठ्यात गेली. शेणात, ओल्यात तशीच भुईला बसली. इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम भडभडून आलं.

"सांगितलं बग त्यास्नी," ती म्हणाली. "आता ते बोलायचं न्हाईत माझ्यासंगं. तू तर कवाच बोलत न्हाईस. खोटं मी बोलले, तुझ्या नावानं बोलले. पर परत तसाच दिस आला तर परत बोलंन, हे बी आत्ताच सांगून ठेवत्या. काय शिक्षा द्यायची ती दे. पर हितनं उठून जाऊ नगंस रं."

घरातनं आण्णाची हाक काही आली नाही. झुंबरबाई बोलत राहिली.