उलटी छापलेली मुलगी

तुम्ही माझ्या मुलीचा हात बदललात. आणि आता वर तोंड करून सांगता, मुलगी तुमची नाहीच.

मुलगी म्हणजे दुसरीच्या पुस्तकातली, पाचव्या धड्यावरची. भिंतीवर घड्याळ, खिडकीशी टेबल, टेबलावरच्या वहीवर वाकलेली दोन वेण्यांची पोर. तीस वर्षं ती तुमच्या पुस्तकात छापून येतेय. खाली चित्रकाराचं नाव नाही. तेव्हा कुणाचंच देत नव्हते, मीही मागितलं नाही. आता नवी आवृत्ती निघतेय आणि जुन्या चित्रकारांनी अर्ज करावा, असं तुम्हीच जाहीर केलंत. मी अर्ज केला. दोनच गोष्टी मागितल्या. नाव द्या, आणि मुलगी होती तशी करा.

कारण ती डावखुरी होती. माझ्या बहिणीची मुलगी, आमची ठेंगू, तेव्हा पाच वर्षांची होती आणि डाव्या हातानं लिहायची. मीही डावखुरीच. वडिलांनी माझा डावा हात फडक्यानं खुर्चीला बांधून मला उजव्यानं अक्षरं गिरवायला लावली. चित्रं मात्र मी लपूनछपून डाव्यानंच काढली. चित्रशाळेची पायरी चढले नाही. साबणाच्या खोक्यांवरची चित्रं उतरवून काढत शिकले. ओल्या शाईवरून करंगळी फिरू नये म्हणून कागदाच्या उजव्या कडेपासून सुरुवात करायची, हे कुणी शिकवलं नाही. चार चित्रांची शाई फिसकटली तेव्हा आपोआप डोक्यात शिरलं. ठेंगूला समोर बसवून मी ते चित्र काढलं. तिला म्हटलं, तू पुस्तकात येणार, तुझ्याच हातानं लिहिताना.

दोन वर्षांनी ते पुस्तक तिच्या दप्तरात आलं. धडा उघडून तिनं चित्रातल्या हातावर बोट ठेवलं.

"मावशी, ही मी नाही," एवढंच म्हणाली.

छापखान्यात कुणीतरी चित्राची फिल्म पालथी लावली होती, डाव्याचं उजवं छापलं गेलं आणि पोर उजव्या हाताची झाली होती. दुसऱ्या दिवशी ठेंगूनं पेन्सिल उजव्या हातात धरली ती कायमची. आज तिला स्वतःची सही दोनदा सारखी करता येत नाही. बँकेत दर वेळी हसं होतं. मी मात्र तेव्हा गप्प बसले, पुढचं काम हातचं जाईल म्हणून. ती माझी चूक. ती मी तुमच्यावर ढकलत नाही.

गेल्या मंगळवारी तुम्ही मला बोलावलंत. तुमच्या तज्ज्ञांनी भिंग लावून चित्र बघितलं. ते म्हणाले, सावली तिरक्या रेघांनी भरली आहे, आणि उजव्या हाताच्या रेघा एकीकडे कलतात, डाव्या हाताच्या दुसरीकडे. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुम्ही डावखुऱ्या. या रेघा उजव्या हाताच्या आहेत. चित्र तुमचं नाही."

माणूस हुशार आहे, यात शंका नाही. फक्त त्यानं बघितलं ते चित्रच उलटं छापलेलं होतं.

मी तुमच्या कार्यालयातल्या टायपिस्ट बाईंकडून पर्समधला आरसा मागून घेतला आणि चित्राशेजारी उभा धरला. आरशात पोर डाव्या हातानं लिहीत होती. रेघाही डाव्या हाताच्या, माझ्या झाल्या. आणि घड्याळ? त्यावर आकडे नाहीत, नुसत्या खुणा आहेत. पुस्तकात ते चारला दहा कमी दाखवतं. आरशात आठ वाजून दहा मिनिटं झाली. धड्याचं पहिलं वाक्य टायपिस्ट बाईंनीच मोठ्यानं वाचलं: सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अहो, मी याच पुस्तकात शिकले," त्या म्हणाल्या. "आमच्या बाई सांगायच्या, त्या मुलीच्या घरचं घड्याळ बंद पडलंय."

तज्ज्ञ भिंग पुसत बसले. तुम्ही म्हणालात, आरसा हा काही पुरावा नाही, मूळ कागद आणा. मूळ कागद तुम्हीच ठेवून घेतला होता, आणि तुमचीच नोंदवही सांगते की कपाट साफ करताना तो रद्दीत गेला. हे दाखवल्यावर तुम्ही फाइल मिटलीत आणि म्हणालात, "सोडा हो बाई. डाव्या-उजव्यानं पोरांना काय फरक पडतो?"

फरक काय पडतो, ते ठेंगूला विचारा. तिची मुलगी यंदा दुसरीत जाईल. तीही डाव्या हातानं लिहिते, अजून तरी. परवा माझ्याशेजारी बसून चित्र काढत होती. तिनं कागदाच्या उजव्या कडेपासून सुरुवात केली. मी तिला काहीच सांगितलेलं नाही.

सोमवारी छपाई सुरू होतेय. नावाचं राहू द्या. अर्जातली ती ओळ मी स्वतः खोडते, तुमचा त्रास वाचेल. दुसरी ओळ खोडत नाही. विचार चालू आहे, समिती बघेल, असलं काही मला लिहू नका. एका शब्दाचं उत्तर पाहिजे, तुमच्या सहीनं, सोमवारच्या आत.

पाचव्या धड्यातली पोर कुठल्या हातानं लिहिणार आहे?